जाधवसर आणि अर्धी पोथी

पोथी हातात आली की जाधवसर ती आधी हुंगायचे. उघडायचे नाहीत, नाव बघायचे नाहीत. तांबड्या रुमालात बांधलेलं ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलून नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, हस्तलिखित विभागात मी रुजू झाले त्या सकाळी मला पहिलं दर्शन घडलं ते हेच. सरांनी डोळे उघडले आणि माझं नावगाव न विचारता गाठोडं माझ्यापुढे धरलं.

"घ्या वास. कशाचा येतोय?"

"धुराचा," मी म्हटलं.

"चुलीचा की धुपाचा?"

आता हे मला कुठून कळणार! ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत सगळं विचारलं होतं, हे सोडून.

"चुलीचा," तेच म्हणाले. "आणि थोडा पेंढ्याचा. म्हणजे ही माळ्यावर होती, खाली स्वयंपाकघर. देवघरात नव्हती. का नसेल हो?"

त्या 'का नसेल'वर आमची सकाळ गेली. उत्तर काही मिळालं नाही, पण सर अगदी खुशीत डबा खायला बसले. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले आणि उत्तर न मिळाल्याने खूश होणारा हा एकच माणूस पाहिला.

सदानंद जाधव कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत एका चाळीत राहायचे. उंच, जरासे वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खिशात पेनाशेजारी धूळ झटकायचा मऊ ब्रश. त्यांच्या अंगाला कायम वेखंडाचा वास येई, कारण पोथ्यांत कसर लागू नये म्हणून ठेवायच्या वेखंडाच्या पुरचुंड्या ते आणि वहिनी घरी रात्रीची जेवणं झाल्यावर बांधत. विद्यापीठ त्यासाठी कुठलंसं औषध पुरवायचं. सर ते नियमाप्रमाणे कपाटात ठेवत आणि पोथीत वेखंड घालत.

पोथी म्हणजे तशी साधी वस्तू. लांबट सुटी पानं, शिवण नाही, खाली-वर दोन लाकडी फळ्या आणि त्याभोवती रुमाल. येणारे अभ्यासक मजकुरासाठी येत. सरांचा जीव मात्र लिहिणाऱ्यात अडकलेला. चुकलेल्या अक्षरावर पूर्वी पिवळी हरताळ फासून वरून नवं अक्षर लिहीत. ज्याच्या पानावर हरताळ जास्त तो सरांचा जास्त लाडका. "बिचारा दमला होता हो," ते मला पान दाखवून सांगत, जणू तो लिहिणारा बाहेर बाकावर बसला आहे. एकदा एका पोथीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'येथे मांजराने शाई सांडली.' शेजारी डागही होता. सर पान न हलवता मला हाका मारत राहिले. त्यानंतर आठवडाभर ते मांजर कुठल्या रंगाचं असेल याची चर्चा चालली होती. मी काळं म्हटलं, ते भुरं म्हणाले. अजूनही माझं मत काळं असंच आहे.

नोंदीच्या कार्डांवरून मात्र त्यांची आणि विभागप्रमुखांची नेहमी जुंपायची. लिहिणाऱ्याचं नाव, लिहिल्याचं साल हे रकाने सर अनेकदा 'कळत नाही' एवढंच लिहून सोडत.

"अहो जाधव, विद्यापीठाच्या कार्डावर 'कळत नाही' काय? 'अज्ञात' लिहा."

"अज्ञात म्हणजे कोणालाच माहीत नाही, साहेब. मला कळत नाही, एवढंच खरं आहे. उद्या एखाद्याला कळेल."

प्रमुख कपाळाला हात लावून निघून जात. सर नम्रपणे उभे राहत आणि कार्ड तसंच ठेवत. या नम्रपणाखाली काय चिवटपणा होता ते प्रमुखांना निवृत्तीपर्यंत उमगलं नाही.

सर बौद्ध. त्यांना मोडी आणि संस्कृत दोन्ही कसं येतं याचं काही पाहुण्यांना फार नवल वाटे. एक नामवंत अभ्यासक आले होते, त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "पण तुम्हाला पोथ्यांची गोडी कशी काय लागली?" 'तुम्हाला' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो मला झोंबला. सर हसले. "आमच्या घरी एकही पोथी नव्हती ना सर, म्हणून. लहानपणी लोकांच्या देवघरात लांबून दिसायची. आत काय असेल, हेच डोक्यात राहिलं." पाहुण्यांनी मान डोलावली. उरलेला चहा त्यांनी घाईघाईने संपवला.

आणि खडवलीची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ होती. जीर्ण पोथी घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, अशी आपल्याकडे रीत. सर सुटीच्या दिवशी पोथ्यांच्या शोधात हिंडत, तसे खडवलीला गेलेले. मी आणि माझा भाऊ सहलीची हौस म्हणून बरोबर होतो. नदीवर एक कुटुंब आलं, हात जोडले, एक गाठोडं पाण्यात सोडलं. आम्ही बघतोय तोवर सर चपला काढून पँटसकट नदीत! कमरेएवढ्या पाण्यातून गाठोडं डोक्यावर धरून ते परत आले, तर कुटुंबप्रमुख चवताळलेले.

"अहो, विसर्जन केलं आम्ही! परत काढायचं नसतं ते!"

"तुमचं विसर्जन झालं, दादा. त्यात काही कमी राहिलं नाही. आता मी नदीकडून घेतोय."

सर खडकावर बसून एकेक पान टॉवेलवर पसरत होते. निघाली एक छापील पोथी, जिच्या प्रती आमच्याकडे धूळ खात पडल्या होत्या. मी हळहळले. पण सरांना शेवटच्या कोऱ्या पानावर कुणा पोराने गिरवलेले 'ग' दिसले होते, सगळे उलटे. "डावखुरा असेल का हो?" ते म्हणाले. ओल्या पँटने ते संध्याकाळपर्यंत त्या 'ग'चाच विचार करत होते.

अशा माणसाला आयुष्यात एका वाक्याने छळलं. ते वाक्य अर्धं होतं.

आमच्याकडे वैद्यांची पोथी होती. कल्याणच्या एका जुन्या वैद्याने घरगुती इलाज लिहून ठेवलेले, साध्या मराठीत. खोकला, खरूज, बाळंतपण असं करत करत तो वैद्य माणसाच्या स्वभावावर घसरला होता. भित्र्याला काय द्यावं, चिडक्याला काय द्यावं. आमच्याकडचं शेवटचं पान असं संपत होतं: 'मनुष्य रुसून बसला तर औषध देऊ नये, व्यर्थ जाते. त्यावर इलाज एकच आहे, तो असा की.' बस्स. पुढचं पान नाही.

"काय असेल?" सर म्हणायचे. डबा खाताना, कपाट लावताना, फोनची वाट बघताना. "एकच आहे म्हणतो. म्हणजे त्याने बाकीचे करून बघितले असणार."

पुढचं पान हरवलं नव्हतं, ते वाटणीत गेलं होतं. ठाण्याच्या अण्णा वैद्यांनी आम्हाला पोथी दिली होती. ते दर वर्षी काठी टेकत येत, आपला रुमाल सोडून बघत, पुन्हा बांधत. त्यांनीच सांगितलं. दोघे भाऊ, कल्याणच्या घराच्या वाटणीवरून भांडले. भांडी, पाट, समया वाटून झाल्यावर पोथी उरली आणि दोघांपैकी कोणी सोडेना. शेवटी वरची अर्धी पानं थोरल्याला, खालची अर्धी धाकट्याला. फाडावी लागली नाही, सुटीच होती. त्यानंतर भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. धाकटा वारलाही.

"पुढचा भाग सुमतीकडे आहे," अण्णा म्हणाले. "धाकट्याची बायको. डोंबिवलीला मानपाडा रोडला राहते. आली का हो तिच्याकडची पोथी तुमच्याकडे?"

"नाही आली. तुम्ही मागून बघा ना."

"मी? मी कशाला मागू? मी थोरला आहे."

मी तिथे जवळच राहते म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही सुमतीकाकूंकडे गेलो. नवी बिल्डिंग, तिसरा मजला, दारात चपला, स्वयंपाकघरात भिंतीला लावलेलं छोटं देवघर. देवांच्या शेजारी पोथी. रुमालावर हळदकुंकवाचे थरावर थर आणि वर सकाळची ओली फुलं. काकू पासष्टीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज खणखणीत.

"आडनाव काय म्हणालात?" त्यांनी सरांना विचारलं.

"जाधव. कोळसेवाडीतून आलोय."

चहा आला. मला आणि त्यांच्या मुलाला, विनयला, कपबशीत. सरांना स्टीलच्या पेल्यात. विनयने मान खाली घातली. काकूंनी पोथीला हात लावू दिला नाही, आणि त्याचं कारण वेगळंच निघालं.

"ह्यांनी सांगून ठेवलंय, ही सोडायची नाही. अर्धी पोथी वाचू नये, अशुभ असतं. वरचा भाग घरी येईल त्या दिवशी गाठ सोडायची."

"वरचा भाग विद्यापीठात आहे, काकू. मूळ प्रत बाहेर नेता येत नाही. तुम्ही ही घेऊन तिथे याल का?"

"अण्णांनी घराबाहेर काढली तिला. मी तिच्या मागे जाऊ?"

"आई, सर झेरॉक्स आणून देतील ना," विनय म्हणाला. "सेम असते एकदम."

"झेरॉक्सची पूजा कशी करू रे मी?"

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. आम्ही परत निघालो.

जिना उतरताच मी त्या पेल्यावरून भडकले. सर रिक्षा स्टँडपर्यंत ऐकत आले. "राग येतो हो, प्रधानबाई," ते म्हणाले. "येत नाही असं नका समजू. लहानपणापासून येतोय. पण मी उठून आलो असतो तर ती पोथी तिथे, ते वाक्य तिथे. आणि मला ते पाहिजे आहे." एवढं बोलून ते रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा तसा मी आधी पाहिला नव्हता.

मध्ये बराच काळ गेला. सर दिवाळीला काकूंना पत्र पाठवत, 'पोथी एकदा तरी उघडा, वारा द्या, ओली फुलं वर ठेवू नका.' उत्तर येत नसे. अण्णा येत, विचारत, जात. दर वर्षी काठीवरचा त्यांचा भार वाढलेला दिसे. मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं आणि एका सकाळी त्यांनी टेबलावर हातकागदाची चळत, काजळाची शाई आणि बोरू मांडला.

"हे काय?"

"पूर्वी काय झेरॉक्स होतं? नकल केली की ती पोथीच. तिची पूजा होते."

नियमाने मूळ प्रत विभागाबाहेर जात नव्हती, नकल जायला आडकाठी नव्हती. इतकी वर्षं हे आम्हाला सुचलं नाही याचं सरांनाच हसू आलं. जेवणाच्या सुटीत खिडकीशी बसून ते लिहू लागले. सुरुवातीला बोरू अडायचा, शाई फुटायची. मान धरायची. "आता कळतंय," म्हणायचे, "ते का दमत होते." चुकलं की खास मिळवलेली हरताळ फासायचे, आणि तेव्हा जरा जास्तच आनंदात दिसायचे. पावसाळ्यात बसले होते, गणपती होऊन गेल्यावर शेवटचं पान झालं. 'तो असा की.' तिथे त्यांनी बोरू पुसून ठेवला.

निवृत्तीच्या आधीचा शनिवार. आम्ही पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर. काकूंनी नकल मांडीवर घेतली, पानांवरून बोटं फिरवली. आता त्यांना जवळचंही धूसर दिसत होतं.

"कोणी लिहिली?"

"मी."

"आंघोळ करून लिहिलीत?"

"मी रोजच आंघोळ करून कामाला जातो, काकू."

विनय "आई!" म्हणून ओरडला. काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. बराच वेळ त्या पानं चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांची पोथी अशीच लागायची हाताला." आणि विनयला त्यांनी देवघरातली पोथी खाली काढायला सांगितली.

गाठ सुटेना. कुंकवाने दगड झाली होती. शेवटी सरांनी ती नखाने सैल केली, रुमाल उलगडला, वरची फळी उचलली. मी वाकून बघितलं. आत पानं नव्हती. भुसा होता. कडेच्या पट्ट्या तेवढ्या उभ्या, मधलं सगळं कसरीने खाल्लेलं, आणि खाली ओल धरून झालेला एक काळा गठ्ठा. वरच्या पानाचा एक कोपरा शाबूत होता. सरांनी तो ब्रशच्या टोकाने मोकळा केला.

"वाचा ना," काकू म्हणाल्या. "काय लिहिलंय पुढे?"

विनय त्यांच्या मागे उभा राहून सरांना खुणा करत होता, सांगा काहीतरी, काहीही सांगा. काकूंना दिसत नव्हतं. सर काय वाटेल ते वाचू शकले असते.

"काकू, पोथी राहिली नाही," सर म्हणाले. "कसरीने खाल्ली. पहिल्या पानावर एक शब्द उरलाय. 'आपण'."

काकूंनी हात पुढे केला. बोटांना भुसा लागला.

"मी रोज पूजा केली हो हिची."

"फुलांचं पाणी आत गेलं, काकू."

हे बोलायची काय गरज होती, असं मला वाटलं. मी सरांवर मनातून चिडले. मग त्यांच्याकडे बघितलं तर चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. इतक्या वर्षांचं त्यांचं ते वाक्य गेलं होतं. मलाही रडू आवरेना.

सगळ्यांत आधी सावरल्या त्या काकू. "म्हणजे तुम्ही लिहिलेली पण अर्धीच."

"हो."

"अर्धी मी घरात ठेवणार नाही. पुढचं लिहा."

"काय लिहू? त्याने काय सांगितलं होतं, मला माहीत नाही."

सरांनी नाक पुसलं. थोड्या वेळाने ते जरा पुढे सरकले, आणि मी ओळखलं की आता हे काहीतरी विचारणार.

"काकू, तुमच्याकडे कोणी रुसलं की तुम्ही काय करत होतात?"

"मी?" काकू हसल्या. "मी पण रुसून बसायची. दुसरं काय!" मग त्यांचं हसू थांबलं. "हे शेवटच्या दुखण्यात सारखे दाराकडे बघायचे. मी म्हटलं, अण्णांना निरोप पाठवू का? तर म्हणाले, त्याला यायचं तर येईल. तिकडे तेही हेच म्हणत असणार."

"अण्णा दर वर्षी आमच्याकडे येतात," सर म्हणाले. "तुमची पोथी आली का विचारतात. या वर्षी आले नाहीत. पाय चालत नाहीत म्हणे."

काकूंनी बोटाला लागलेला भुसा पदराला पुसला. खाली भंगारवाला ओरडत गेला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आपण आधी जावं. तो येईल म्हणून बसू नये."

सरांनी पिशवीतून बोरू काढला. 'तो असा की'च्या पुढे 'आपण' लिहिलं, आणि त्यापुढे काकूंचे शब्द. खाली बारीक अक्षरात टीप: 'पहिला शब्द मूळ पोथीतील. पुढील मजकूर मूळचा नव्हे, सुमती वैद्य, डोंबिवली, यांनी सांगितला.' त्यांनी ते वाचून दाखवलं.

"माझं नाव कशाला हो?"

"ज्याने सांगितलं त्याचं नाव लागतं, काकू."

शाई वाळेपर्यंत काकूंनी दम धरला. मग नवा रुमाल मागवून पोथी बांधून घेतली. विनय ती देवघरात ठेवायला पुढे झाला, तर त्यांनी दिली नाही. "पातळ बदलून येते. खाली रिक्षा बघ. ठाण्याला जायचंय."

"आत्ता? आई, अगं फोन तरी करू अण्णाकाकांना. गाडीने जाऊ उद्या."

"मला स्टेशनचा पूल चढवत नाही. रिक्षाने जाऊ, शीळफाट्यावरून. आत्ताच."

रिक्षावाला इतक्या लांब यायला कुरकुरत होता, विनयने त्याला कसाबसा पटवला. काकू आत बसल्या, पोथी छातीशी धरून. विनय पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर. आणि सर काकूंच्या शेजारी चढायला लागले.

"सर, तुम्ही कुठे?"

"अहो, अण्णा काय म्हणतात ते बघायला नको?"

रिक्षा मानपाडा रोडला लागली. मागच्या फाटक्या पडद्यातून मला दिसत होतं, सर काकूंकडे झुकून काहीतरी विचारत होते, आणि काकू एका हाताने पोथी सांभाळत दुसरा हात हलवून त्यांना उत्तर देत होत्या.